‘असूनही’ हा शब्द माझा होता

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा. धर्म या शब्दाबद्दल आहे, पण कुणाच्या धर्माबद्दल नाही. तेवढं लक्षात ठेवलंत तर कमेंटमधली निम्मी भांडणं वाचतील.

तीन वर्षांपूर्वी योग दिनाच्या आदल्या दिवशी मी एक बातमी पाठवली होती. आपल्याच गावातल्या एक ताई सकाळी साडेपाचला बायकांना योग शिकवतात. फी म्हणाल तर नावाला. बातमी चांगली होती, फोटोही झकास आला होता. पान तीनवर चार कॉलम लागली. मथळा मीच सुचवला होता : ‘मुस्लिम असूनही देतात योगाचे धडे’. सलोख्याची बातमी केली म्हणून मी खूश. दोन-तीन जणांनी फोन करून शाबासकीही दिली.

पुढच्या आठवड्यात काय झालं ते मला उशिरा कळलं. बातमीचं कात्रण व्हॉट्सअॅपवर फिरलं. एका बाजूचे म्हणाले, आता योग यांच्याकडून शिकायचा का? दुसऱ्या बाजूचे ताईंच्या घरी गेले आणि म्हणाले, हे आपलं नाही, बंद करा. सहा वर्षं कुणाच्या डोक्यातही नसलेली गोष्ट माझ्या एका मथळ्याने दोन्हीकडच्या डोक्यांत गेली. बावीस बायका यायच्या, त्या नऊ झाल्या.

एके दिवशी ताई घरी आल्या. बायकोने चहा केला. ताई चिडल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, ‘भाऊ, बातमी चांगली लिहिलीत. फक्त एक सांगा, ते ‘असूनही’ कशाला घातलंत? मी शिवण शिकवत असते तर घातलं असतंत का?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला सहा ककार शिकवले होते : कोण, काय, कधी, कुठे, का, कसे. ‘असूनही’ यातल्या कुठल्या ककारात बसतं?

जाताना त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढून ठेवलं. योगसूत्रांचं मराठी भाषांतर, कोपरे दुमडलेलं. दुसऱ्या पादातल्या तिसाव्या आणि एकतिसाव्या सूत्राखाली पेन्सिलीची रेघ होती. तेव्हापासून सुचेल तसं आणि मिळेल तसं वाचत गेलो. संस्कृतचा पंडित मी नाही. शाळेत शंभर मार्कांचं संस्कृत घेतलं होतं, एवढीच पुंजी. पण बातमीदाराला एक सवय असते, शब्द कुठून आला आणि मध्ये कुणी बदलला याचा माग काढायची. तो माग काढला, तो असा.

पतंजलीची योगसूत्रं साधारण सोळाशे वर्षांपूर्वीची, असं आजचे बरेच अभ्यासक मानतात. काही जण त्याहून जुनी धरतात. चार पाद, दोनशेच्या आत सूत्रं. त्यात ‘धर्म’ हा शब्द येतो, पण आपण फॉर्मवर ज्या रकान्यात तो लिहितो त्या अर्थाने एकदाही नाही. तिसऱ्या पादात धर्म म्हणजे वस्तूचा गुण, तिची अवस्था. ज्याच्या ठायी तो गुण असतो तो ‘धर्मी’. भाष्यकाराने उदाहरण दिलंय मातीचं. माती कधी भुकटी असते, कधी गोळा, कधी घट. हे तिचे धर्म. माती मात्र तीच, ती धर्मी. हा अर्थ आपल्या मराठीतून अजून गेलेला नाही. सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘पाण्याचे गुणधर्म’ असतात. पाण्याचा धर्म कोणता असं विचारलं की कुणी पंचांग उघडत नाही. शब्दाचं मूळ ‘धृ’, म्हणजे धरणं, तोलून धरणं. शेवटच्या पादात ‘धर्ममेघ’ नावाची समाधी येते. तो मेघ कशाचा, यावर भाष्यकारांची मतं वेगवेगळी आहेत, त्यात मी पडत नाही.

आता ताईंनी रेघ मारलेली जागा. तिसाव्या सूत्रात पाच यम आहेत : अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. योगाच्या आठ अंगांतलं हे पहिलं अंग. आसन तिसरं आहे हो, आणि आसनांवर सूत्रं किती, तर तीन. सूर्यनमस्कार तर त्यात नाहीतच. सूर्यनमस्कार व्यायाम म्हणून घरोघरी आणि शाळेत गेले त्यात आपल्या सातारा भागातल्या औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींचा वाटा मोठा, आणि ते विसाव्या शतकात.

एकतिसावं सूत्र म्हणतं की हे पाच यम जात, देश, काल आणि समय यांनी तोडले गेले नाहीत, तर ते ‘सार्वभौम महाव्रत’ होतं. समय म्हणजे इथे वेळ नव्हे, तर संकेत किंवा प्रसंगापुरता केलेला करार. शब्द चारच आहेत, पण व्यासभाष्यात त्यांची जी उदाहरणं दिली आहेत ती वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. कोळी म्हणतो, मी हिंसा करतो पण फक्त माशांची, बाकी कुणाची नाही. ही जातीने तोडलेली अहिंसा. दुसरा म्हणतो, तीर्थाच्या ठिकाणी मी मारणार नाही. ही देशाने तोडलेली. तिसरा म्हणतो, चतुर्दशीला किंवा पुण्यदिवशी मारणार नाही. ही कालाने तोडलेली. चौथा या तिन्ही अटी पाळतो, पण देवाब्राह्मणांसाठी असेल तर मारतो. तसंच क्षत्रिय म्हणतो, फक्त युद्धात मारतो. ही समयाने तोडलेली. भाष्यकाराचं म्हणणं असं की या सगळ्या अटी काढून टाकल्यावर जे उरतं ते सार्वभौम.

देवाब्राह्मणांसाठी केलेली हिंसासुद्धा त्या माणसाने अटीच्या यादीत टाकली आहे. सोळाशे वर्षांपूर्वीच्या भारतात हे साधं वाक्य नाही.

मी ही उदाहरणं माझ्या धंद्याला लावून पाहिली. मी खरं लिहितो, पण जाहिरातदाराबद्दल नाही : जातीने तोडलेलं सत्य. मी खरं लिहितो, पण दुसऱ्या तालुक्याबद्दल जरा जास्त : देशाने तोडलेलं. निवडणुकीच्या महिन्यात जपून : कालाने. साहेबांच्या वाढदिवसाच्या पुरवणीत तर विचारूच नका. बाकीच्यांनी आपापल्या धंद्याला लावून पाहावं.

इथे एक गोष्ट सरळ सांगतो, नाहीतर कुणीतरी जाणकार कमेंटमध्ये पकडेल. पतंजली यमांना ‘महाव्रत’ म्हणतो, ‘धर्म’ म्हणत नाही. मग मी यमांना धर्म का म्हणतोय? कारण हीच यादी धर्मशास्त्रात सर्वांचा धर्म म्हणून येते. याज्ञवल्क्य स्मृतीत अहिंसा, सत्य, अस्तेय, शौच, इंद्रियनिग्रह, दान, दया, क्षमा अशी यादी करून हे सर्वांसाठी धर्माचं साधन आहे असं सांगितलंय. सर्वांसाठी. आणि त्याच स्मृतीच्या अगदी सुरुवातीला, आठव्याच श्लोकात, यज्ञ, आचार, दान, स्वाध्याय ही सगळी कर्मं एकीकडे ठेवून योगाने स्वतःला पाहणं हाच परम धर्म असं म्हटलंय. धर्म आणि योग हे दोन शब्द इतके जवळ मला दुसरीकडे सापडले नाहीत. या स्मृतीवरची प्रसिद्ध टीका ‘मिताक्षरा’ आपल्या शेजारीच लिहिली गेली, विक्रमादित्य सहाव्याच्या काळात चालुक्यांच्या कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला. मिताक्षरा म्हटलं की आपल्याकडे वकिलांना वडिलोपार्जित जमिनीचे दावे आठवतात. १९५६ च्या वारसा कायद्यापर्यंत कोर्टात तीच चालायची. परम धर्माचा श्लोक त्याच पुस्तकात आहे हे सातबाऱ्याच्या भांडणात कुणाला आठवणार?

पण या गोष्टीची दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवली तर मी पुन्हा ‘असूनही’वालाच ठरेन. याच स्मृतींमध्ये सर्वांचा धर्म दोन-चार श्लोकांत संपतो आणि वर्णावर्णाचा वेगळा धर्म अध्यायच्या अध्याय चालतो. मनुस्मृतीतही चारही वर्णांना समान असा पाच गोष्टींचा संक्षिप्त धर्म आहे, दहाव्या अध्यायात. तोच मनू एकाच गुन्ह्याला वर्ण पाहून वेगवेगळी शिक्षा सांगतो. म्हणजे सार्वत्रिक धर्म होता, पण माळ्यावर ठेवलेल्या तांब्याच्या हंड्यासारखा. रोजच्या वापरात दुसरीच भांडी. ‘आमच्याकडे सगळं होतंच’ असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, आणि ‘तुमच्याकडे काहीच नव्हतं’ म्हणणाऱ्यांनीही.

योगवाल्यांनी मात्र तो हंडा बराच काळ वापरात ठेवला. तेराव्या शतकाच्या सुमाराचा ‘दत्तात्रेययोगशास्त्र’ नावाचा संस्कृत ग्रंथ आहे, हठयोगाच्या सर्वांत जुन्या ग्रंथांपैकी एक. आपल्या दत्ताच्याच तोंडी घातलेला. त्यात म्हटलंय की ब्राह्मण असो, श्रमण असो, बौद्ध असो, जैन असो, कापालिक असो की चार्वाक असो, श्रद्धेने सतत अभ्यास करणाऱ्याला सिद्धी मिळते. चार्वाक! देव, परलोक काही न मानणारा. आणि नुसता वेष चढवून काही होत नाही, हेही तिथेच ऐकवलंय. वाडीला, गाणगापूरला जाणाऱ्या किती जणांना दत्ताच्या नावावर असं काही आहे हे माहीत असेल? मलाही नव्हतं.

त्याच्याही आधी, अकराव्या शतकात, ख्वारिझमहून आलेल्या अल्बिरुनीने पतंजलीचं पुस्तक अरबीत नेलं. इ. स. १०३० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या आपल्या भारतावरच्या ग्रंथात तो या भाषांतराचा उल्लेख करतो. गझनीच्या महमुदाच्या स्वाऱ्यांचा तो काळ. एकीकडे तलवार चालली होती आणि त्याच दरबाराच्या सावलीत एक माणूस सूत्रांची प्रश्नोत्तरं करून अरबीत मांडत बसला होता. आपल्या नगर जिल्ह्यात श्रीगोंद्याला सतराव्या शतकात शेख महंमद झाले. त्यांच्या मराठी ग्रंथाचं नावच ‘योगसंग्राम’. त्यांच्या चरित्रकारांनी ‘मुसलमान असूनही’ हा शब्दप्रयोग इतक्या वेळा केलाय की मथळ्याच्या चुकीत मी एकटा नाही, एवढं समाधान मिळालं.

मग हा शब्द रकान्यात कधी शिरला?

त्यासाठी आधी जरा मागे, अशोकापर्यंत जावं लागतं, कारण शब्दाचं भाषांतर होताना त्याचं काय होतं ते तिथे दिसतं. मुंबईजवळ सोपाऱ्याला १८८२ साली अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला, भगवानलाल इंद्रजींनी तो उजेडात आणला. अशोक ‘धम्म’ शब्द सतत वापरतो. कंदाहारला १९५८ मध्ये त्याचा दोन भाषांतला लेख मिळाला, ग्रीक आणि अरामी. ग्रीकमध्ये धम्मासाठी ‘युसेबिया’ शब्द घातलाय, म्हणजे आदर, भक्तिभावाचं वागणं. अरामीत सत्याच्या अर्थाचा शब्द. दोन्हीकडे धम्म म्हणजे वागणूक. कुठला पंथ, हा प्रश्नच नाही. पंथासाठी अशोकाकडे वेगळा शब्द होता, ‘पासंड’. बाराव्या लेखात तो सांगतो की स्वतःच्या पासंडाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पासंडाची निंदा करणारा आपल्याच पासंडाचं नुकसान करतो. तेव्हा ही शिवी नव्हती. पुढे त्याचंच ‘पाखंड’ झालं. म्हणजे पंथासाठी जो साधा शब्द होता तो शिवीत गेला, आणि त्याची मोकळी जागा भरायला बिचाऱ्या ‘धर्मा’ला बोलावलं गेलं. हा जोड माझा आहे, विद्वानांवर ढकलत नाही.

ही भरती जोरात झाली ती एकोणिसाव्या शतकात. ख्रिस्ती मिशनऱ्यांना आपल्या ‘रिलिजन’साठी देशी शब्द हवा होता. बंगालमध्ये कॅरीने बायबलला ‘धर्मपुस्तक’ म्हटलं. मुंबईत जॉन विल्सन आले. त्यांच्याशी मोरभट दांडेकरांचा जाहीर वाद झाला, आणि दांडेकरांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिलं. विल्सननी १८३२ मध्ये पुस्तकानेच उत्तर दिलं. नाव बघा, हिंदुधर्म. तुमचा एक, आमचा एक, आता सामना. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी वाद घालत होते आणि ऐकायला गर्दी लोटत होती. वाद घालायचा तर दोघांना एकाच मैदानात उतरावं लागतं. मैदान समोरच्याने आखलेलं होतं : तुमचा ग्रंथ कोणता, संस्थापक कोण, देव किती. या प्रश्नांना उत्तरं देता देता आपणच धर्म शब्दाचा अर्थ बदलून घेतला. मग १८७२ आणि १८८१ च्या जनगणना आल्या आणि धर्म रकान्यात जाऊन बसला. रकान्यात एकच उत्तर मावतं. ज्याला मातीचे तीन-तीन धर्म चालत होते, त्याला आता माणसाचा एकच हवा झाला.

त्या गर्दीत एक माणूस मला वेगळा दिसतो, जोतीराव फुले. त्यांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये छापलं गेलं. त्यांना योगाशी काही देणंघेणं नव्हतं, ऋषिमुनींवर तर कोरडेच ओढले. पण त्यांनी एका घराचं चित्र काढलंय : बायको बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होईल, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी. आणि या सगळ्यांनी एका घरात एकमेकांचा द्वेष न करता राहावं. जोतीरावांनी रकाना पुसला नाही, पण एकाच चुलीवर चार रकाने बसवले.

गांधीजींचं उदाहरण आणखी मजेशीर. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून त्यांनी आश्रमातल्या लोकांना व्रतांवर पत्रं लिहिली, दर मंगळवारी एक, म्हणून पुस्तकाचं नाव ‘मंगल प्रभात’. अकरा व्रतांमध्ये पतंजलीचे पाचही यम आहेत. त्यात त्यांनी घातलेल्या नव्या व्रतांमध्ये एक सर्वधर्मसमभावाचं. बघा, एकाच यादीत साधारण पंधराशे वर्षांचा फरक. पतंजलीकडे ‘धर्म’ अनेकवचनी आला तर ते वस्तूचे गुण. गांधींकडे अनेकवचनी आला तर हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी. आणि अनेक झाले म्हटल्यावर समभावाचं वेगळं व्रत घ्यावंच लागलं.

बाबासाहेबांनी ही गोची ओळखली होती. १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर निघालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये धम्म आणि रिलिजन यांत त्यांनी चक्क भिंत घातली. रिलिजन खासगी, ज्याचा त्याच्यापुरता; धम्म सामाजिक, दोन माणसं एकत्र आली की लागणारच. माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही. शब्द वाचवायचा तर पाली रूप घ्यावं लागलं, कारण संस्कृत रूपावर रकान्याची शाई वाळली होती.

राज्यघटनेची उद्देशिका तर आपल्या मुलांच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ‘सेक्युलर’ शब्द आला. हिंदीत त्याला ‘पंथनिरपेक्ष’ म्हणतात, मराठीत आपण ‘धर्मनिरपेक्ष’. हिंदीवाल्यांनी पंथ बाजूला ठेवला आणि धर्म राखला. आपण शब्दशः धर्मच बाजूला ठेवला. यावरून टीव्हीवर जे रण माजतं त्यात मला जायचं नाही, दोन्ही भाषांत मतलब एकच आहे. पण मुलीचं पुस्तक चाळताना त्याच वाक्यात मला ‘सार्वभौम’ दिसलं. पतंजलीचाच शब्द, फक्त अर्थ वेगळा. देशाची सत्ता अखंड, तिथे यम अखंड.

आता कुणी म्हणेल, मग योगाचा हिंदूपणाशी संबंधच नाही का? आहे की. सूत्रांत ईश्वर आहे, ओंकार आहे, नियमांमध्ये ईश्वरप्रणिधान आहे, कर्म आणि पुनर्जन्म आहे. ते काढून टाकून नुसता पाठदुखीचा इलाज उरवणं हेही खोटंच. ज्यांच्या मुलांना ओम म्हणायचं नसेल त्यांना शाळेने सक्ती करू नये, हे माझं मत मी शांतता समितीच्या बैठकीतही मांडलं होतं, आणि तेव्हा दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. पण पतंजलीने पहिल्या अंगाच्या दारावर जी पाटी लावली, तिच्यावर कुणाचं नाव नाही. जात-देश-काल-समय पुसून आत या, एवढंच. ती पाटी वाचून एक बाई आत गेली आणि मी बाहेरून ओरडलो, ‘अरे, ही मुस्लिम असूनही आत गेली!’

ताईंना मी हे सगळं सांगितलं. अल्बिरुनीचं सांगताना माझा आवाज बहुतेक चढला असावा. त्या म्हणाल्या, ‘भाऊ, ते ठीक आहे. पण पहिल्या दिवशी मी बायकांना सत्य शिकवते ते असं : आज घरून काय सांगून आलात? निम्म्या देवळात जाते सांगून येतात. मी म्हणते, उद्यापासून खरं सांगून या. दोन-चार जणी परत येत नाहीत. ते नुकसान मी धरूनच चालते. तुमच्या बातमीचं नुकसान मात्र धरलं नव्हतं.’

गेल्या जूनमध्ये पुन्हा बातमी पाठवली. नाव, वेळ, जागा, किती वर्षं वर्ग चालू आहे, बस. डेस्कवरून फोन आला, ‘यात अँगल काय आहे? त्या मुस्लिम आहेत ना, ते वर घ्या की.’ मी म्हटलं, नको, आहे तशीच लावा. एक कॉलम लागली, खालच्या कोपऱ्यात, बोअरवेलच्या जाहिरातीशेजारी.

सध्या सतरा जणी येतात. वर्ग साडेपाचलाच भरतो, शाळेच्या ओसरीवर. चटई आपली आपण आणायची आहे.